त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं तर?

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत गेली १७ वर्षं नोकरी करते. आमच्या विभागप्रमुखांची जागा रिकामी होतेय आणि ती मला देऊ केली आहे. पगार थेट दीडपट. पण महिन्यातले बारा-पंधरा दिवस फिरती. आत्ताच मी सकाळी आठला बाहेर पडते ती रात्री आठला घरी येते. दुसरीकडे, एका तंत्रशिक्षण संस्थेने मला पूर्ण वेळ शिकवायला बोलावलंय. तिथे मी पाहुणी म्हणून दोन-तीनदा शिकवलं, आणि त्या दिवशी घरी येताना फार वर्षांनी हलकं वाटलं. तिथला पगार आत्ताच्या साठ टक्के. घरात येणाऱ्या दर शंभरातले ५५ माझे, ४५ नवऱ्याचे. गृहकर्जाच्या हप्त्यासकट खर्च ६२. म्हणजे भागेल. मुलगी चौदा वर्षांची आहे. आई आमच्याकडेच असते, तिला पंचाहत्तरावं लागलंय. दोघींना वेळ द्यावासा वाटतो. (गेल्या वर्षी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली, पण ते किरकोळ आहे.) मी नाही म्हटलं तर ती जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळेल. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. पैशाच्या मागे धावणं थांबवून शांतपणे, काहीतरी अर्थ असलेलं आयुष्य जगावं असं फार वाटतं. पण पुढे पस्तावले तर? महिनाअखेर उत्तर द्यायचंय.
– एक वाचक

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे ते आटोपशीर करून घेतलंय. वाचताना हातात पेन्सिल होती. पैशाचा सगळा हिशेब तुम्ही साडेतीन ओळींत उरकलाय. मुलीसाठी एक परिच्छेद आहे, आईसाठी त्याहून लहान. आणि तुमच्या हाताखाली तयार झालेला तो मुलगा? तो पहिल्या पानावर येतो, दुसऱ्यावर दोनदा येतो, आणि शेवटच्या पानावर, सही करायच्या आधी, पुन्हा डोकावतो. ‘तो मला मॅडम म्हणतो, उद्या मी त्याला काय म्हणायचं?’ हे वाक्य तर तुम्ही एकदा खोडून पुन्हा लिहिलंय.

तेव्हा पैसा की समाधान हा तुमचा प्रश्न मी जरा वेळ बाजूला ठेवते. मला वाटतं, तुम्हाला कमी पैशाची धास्ती थोडी आहे आणि मागे पडण्याची जास्त. यात लाजण्यासारखं काहीच नाही. ती धास्ती भल्याभल्यांना असते. फक्त तिला पैशाची काळजी असं नाव दिलं की हिशेब कितीही वेळा मांडला तरी मन निवत नाही.

अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये एका निबंधात भाकीत केलं होतं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. प्रगत देशांतलं राहणीमान तोवर चौपट ते आठपट होईल, असंही ते म्हणाले होते. हा दुसरा अंदाज बराचसा खरा ठरला. पंधरा तासांचं काय झालं ते तुम्ही मला सांगायला नको, मी तुम्हाला सांगायला नको. गंमत म्हणजे भाकीत कुठे फसू शकतं याची खूण त्याच निबंधात आहे. माणसाच्या गरजा दोन तऱ्हेच्या असतात, असं केन्स म्हणतात. काही गरजा शेजारी काय करतोय याच्याशी संबंध नसलेल्या. आणि काही अशा की ज्या भागल्यावर आपण इतरांपेक्षा वरचढ ठरतो, म्हणूनच त्या हव्याशा वाटतात. पहिल्या तऱ्हेच्या गरजांना तळ आहे. दुसरीला तो असेलच असं नाही.

१९९८ मध्ये सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे या दोन संशोधकांनी हेच वेगळ्या रीतीने तपासलं. लोकांना त्यांनी विचारलं : तुमचं वर्षाचं उत्पन्न ५० हजार डॉलर आणि बाकीच्यांचं २५ हजार, असं जग हवं, की तुमचं एक लाख आणि बाकीच्यांचं दोन लाख असं? वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. जवळपास निम्म्या लोकांनी पहिलं जग निवडलं. म्हणजे निम्मे पैसे कमी चालतील, पण इतरांपेक्षा जास्त हवेत. सुट्टीबद्दल विचारल्यावर मात्र बहुतेकांनी सरळ उत्तर दिलं : आम्हाला जास्त सुट्टी द्या, इतरांना त्याहून जास्त मिळाली तरी हरकत नाही.

तुमच्या बाबतीत याचा उपयोग असा. मोकळ्या वेळाची तुलना कुणी करत नाही. ‘हल्ली संध्याकाळी किती वाजता घरी पोचतेस?’ असं चारचौघांत कुणी कौतुकाने विचारत नाही. विचारतात ते पद, आणि पगाराचा मनातल्या मनात अंदाज बांधतात. म्हणून वेळ निवडणाऱ्याला त्याचं सुख मिळतं, पण शाबासकी मिळत नाही. सतरा वर्षं शाबासकीची सवय असलेल्या माणसाला ती एकाएकी बंद झाल्यावर चुकल्याचुकल्यासारखं होतं. तुमच्या निर्णयाची मोठी किंमत मला तरी इथे दिसते, चाळीस टक्के पगारात नाही.

तेव्हा आधी त्या खुर्चीचं बघू. तो मुलगा तिथे बसलाय असं धरून चाला. सोमवारची बैठक त्याने बोलावलीय, तुम्ही तपासलेल्या आराखड्यावर शेवटची सही त्याची आहे, आणि एका बाबतीत तो चुकतोय हे तुम्हाला दिसतंय. पोटात खड्डा पडेल, तो पडू द्या. तो आठवडाभराने भरून येईल की वर्षानेही तसाच राहील, हे मात्र स्वतःला विचारा. उत्तर ‘वर्षानेही तसाच’ असं असेल, तर संस्थेत जाऊन सुटका नाही. त्याच्या नव्या पुलाचे फोटो फोनवर दिसतील आणि त्या दिवशीचा तास तुम्ही रागारागात घ्याल.

आता पैसा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. अर्थपूर्ण आयुष्याच्या गप्पा मारणारे बरेच जण हे सोयीस्करपणे विसरतात. ‘पैसा काय, येतो नि जातो’ हे वाक्य मी आजवर ज्यांच्याकडे तो नियमित येतो त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

पैशाने सुख मिळत नाही, असं तुम्हाला कुणी शास्त्राचा हवाला देऊन सांगितलं तर तेही अर्धवट आहे. २०१० मध्ये डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं होतं की वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजच्या सुखात भर पडत नाही. हा आकडा जगभर गाजला. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी उलट निष्कर्ष काढला. पुढे २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्जवर्थ, बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने, एकत्र बसले आणि तिघांनी मिळून लेख लिहिला. निघालं असं की बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढत राहतं. ते एका टप्प्यावर थांबतं ते सर्वांत दुःखी असलेल्या साधारण पंचमांश लोकांचं. त्यांचं दुःख ठरावीक मर्यादेपर्यंत पैशाने हटतं, पुढचं हटत नाही. शिवाय ही वाढ रकमेवर नाही, पटीवर चालते, आणि तीही काही फार मोठी नसते. कमी पगाराने तुमचं काहीच बिघडणार नाही असं मी म्हणणार नाही. थोडं बिघडेल. बदल्यात काय मिळतंय ते बघायचं.

तुमच्या आकड्यांत एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटलीय. आज घरात शंभर येतात, ६२ जातात, ३८ उरतात. संस्थेत गेल्यावर तुमचे ५५ चे ३३ होतील. म्हणजे घरात येणार ७८, जाणार तेच ६२, आणि उरणार १६. मिळकत पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त घटली, पण शिल्लक निम्म्याच्याही खाली आली. ‘भागेल’ हे तुम्ही मिळकतीकडे बघून लिहिलंय. बघायला हवं शिल्लकीकडे, कारण म्हातारपण, आजारपण आणि मुलीचं शिक्षण त्या ओळीतून जाणार आहे. वर्षाला आठ टक्क्यांनी वाढणारी रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते आणि अठरा वर्षांत चौपट. महागाई वजा केली की ती खूपच कमी भरते, हे खरं. तरीही, आज बाजूला न पडलेली रक्कम तुमच्या साठीला केवढी झाली असती, ते एकदा कागदावर बघाच. घाबरण्यासाठी नाही. पुढे कधी त्या आकड्याने तोंड दाखवलं तर तो ओळखीचा असावा म्हणून.

आणखी एक. ते ६२ कुठल्या महिन्याचे आहेत? मला दाट शंका आहे की तो साध्यासुध्या महिन्याचा खर्च आहे. आईचं एखादं ऑपरेशन, शाळेची वार्षिक फी, गळणारं छप्पर, हे आजवर त्या ३८ मधून परस्पर गेलं असणार. म्हणून गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट दोघांनी मिळून काढा आणि वर्षाचा खर्च बाराने भागा. मग तालीम करा. पगार झाला की त्याच दिवशी २२ वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ते खातं विसरायचं. असे सहा महिने काढा. सहा महिन्यांत ७८ वर कुणाचा चेहरा कितीदा पडला, ते कळेल. त्यासोबत मागच्या तीन पगारवाढी कुठे गेल्या तेही शोधा. त्या जिथे गेल्या तिथेच दीडपट पगारही जाईल, अशी माझी अटकळ आहे.

आता तो कंस. रक्तदाबाची गोळी तुम्ही कंसात टाकलीत आणि पुढे ‘किरकोळ’ लिहिलंत. माझ्या मते पत्रातली सर्वांत वजनदार ओळ तीच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असं त्यात आढळलं. ही सरासरी आहे, तुमची कुंडली नव्हे. पण जाण्यायेण्याचा वेळ वगळला तरी तुम्ही आत्ताच आठवड्याला पन्नास तासांच्या आसपास आहात, आणि त्यावर महिन्यातले बारा-पंधरा दिवस फिरती चढणार. कुठलाही निर्णय घेण्याआधी डॉक्टरांकडे जा आणि नव्या पदाचं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, तेव्हा राजीनाम्याच्या आधी स्वतःचा काढा. त्या फॉर्मवर गोळी कंसात टाकू नका, स्पष्ट लिहा. लपवलेला आजार नेमका दावा करायच्या वेळी आडवा येतो.

यापुढचं जरा स्पष्ट लिहिते, कारण असं पत्र पुरुषाने लिहिलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं. बाई कमी तासांच्या नोकरीत गेली की सुटलेले तास तिच्या हाती क्वचित लागतात. घर ते परस्पर वाटून घेतं. दुपारी तीनला घरी येणारी व्यक्ती म्हणजे गॅसवाल्याला दार उघडणारी, आईला दवाखान्यात नेणारी, मुलीला क्लासला सोडणारी, पाहुण्यांचं बघणारी. कुणी दुष्टपणा करत नाही. ‘तू असतेसच ना घरी’ हे वाक्य अगदी प्रेमाने येतं. वर्षभराने तुम्ही पूर्वीइतक्याच दमलेल्या असता, पगार साठ टक्के असतो, आणि तक्रार करायला तोंड राहत नाही, कारण हे तुम्हीच निवडलेलं असतं. तेव्हा सुटणाऱ्या तासांचं काय करायचं हे आधी ठरवा आणि घरात मोठ्याने सांगा. आठवड्यातल्या दोन दुपारी फक्त तुमच्या. आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या निम्म्या नवऱ्याच्या.

यावरून नवरा आठवला. ‘तुझं तू ठरव’ यात मोठेपणा किती आणि अंग काढून घेणं किती, हे तुमच्या पत्रावरून मला सांगता येणार नाही. पण घरात येणाऱ्यातले २२ कमी होणार आहेत आणि शिल्लक १६ वर येणार आहे, ती काही तुमच्या एकटीची नाही. त्यांना मत विचारू नका, आकडे समोर ठेवून काम द्या : ते बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढायचं काम त्यांचं. मुलीलाही सांगा, चौदाव्या वर्षी कळतं सगळं. काय कमी होणार आणि आई किती वाजता घरी येणार, दोन्ही सांगा. ती आनंदाने उड्या मारेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्या वयात आई जास्त वेळ घरी असणं ही फारशी सुवार्ता नसते. पण चार वर्षांनी ती शिकायला बाहेर पडेल, आणि ही चार वर्षं पुढे पैसे देऊन परत घेता येणार नाहीत.

संस्थेबद्दलही एक शंका आहे. पाहुणीचं शिकवणं म्हणजे शिकवणं नव्हे. पाहुणीसमोर मुलं शहाण्यासारखी बसतात, प्रश्न विचारतात, शेवटी टाळ्या वाजवतात. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, हजेरीपत्रक, सलग चौथा तास आणि मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगा तुम्ही अजून पाहिलेला नाही. शिक्षकाचं काम बाहेरून जितकं निवांत दिसतं तितकं आतून नसतं. म्हणून एखादा पूर्ण विषय, परीक्षेसकट, शनिवारच्या तासांवर घेता येतो का ते विचारा. एका सत्राने कळेल की तुम्हाला शिकवण्याची ओढ आहे की आत्ताच्या कामाचा वीट आलाय. दोन्ही खरं असू शकतं. पण नुसता वीटच असेल तर त्यासाठी नोकरी बदलायला नको, आधी मोठी रजा घेऊन बघा.

आणि तुमच्या चारही पानांत तिसरी वाट कुठेच नाही : बढती नाकारून आहे तिथेच राहणं. कदाचित आठवड्याचे चार दिवस मागून, पगार त्या प्रमाणात कमी करून. कंपनीला तुमची गरज आहे हे त्यांनी खुर्ची देऊ करून स्वतःच कबूल केलंय, मागायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. ही वाट तुम्हाला का सुचली नाही याचा माझा अंदाज आहे. त्या वाटेवर तो मुलगा रोज भेटतो.

तर माझं मत. बढती घेऊ नका. तब्येत, मुलीची चार वर्षं आणि आईचं वय, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवताहेत, आणि पत्रभर तुम्ही त्या पदावरच्या कामाबद्दल एकही उत्सुकतेचं वाक्य लिहिलेलं नाही. विभागप्रमुख झाल्यावर काय करायला आवडेल याची एक ओळ जरी सापडली असती तरी मी इतकं ठामपणे सांगितलं नसतं. संस्थेचा निर्णय मात्र या महिन्यात घेऊ नका. सहा महिने ती २२ ची तालीम आणि शनिवारचे तास, मग ठरवा. तोवर सोमवारच्या बैठकीला त्याच्या समोर बसायची सवय होतेय का, तेही आपोआप कळेल. त्याला काय म्हणायचं हा तुमचा प्रश्न तसा सोपा आहे. आज नावाने हाक मारता ना? तीच मारा. अवघडलेपण त्यालाही असणार, आणि ते मोडायचं काम तुम्ही केलंत तर बरं.

नकार दोन-तीन वाक्यांत लिहा : ‘या पदासाठी माझा विचार केलात याबद्दल आभारी आहे. पूर्ण विचार करून मी ते न स्वीकारण्याचं ठरवलंय. सध्याच्या जबाबदाऱ्या पूर्वीप्रमाणेच सांभाळीन.’ कारणं लिहू नका. फिरतीचं कारण दिलंत तर फिरती आठ दिवसांवर आणतील, घरचं दिलंत तर सहा महिने थांबतो म्हणतील, आणि तुम्ही पुन्हा मला चार पानं लिहाल. चार दिवसांच्या आठवड्याची मागणी याच पत्रात घालू नका, पंधरा-वीस दिवसांनी वेगळी करा, म्हणजे तो सौदा वाटणार नाही.

संस्थेला आत्ताच एवढं कळवा की रस आहे, पण पुढच्या सत्रापासून. आणि त्यांच्याकडून लेखी मागून घ्या : आठवड्याला तासिका किती, लांब सुट्टीतला पगार मिळतो का, नेमणूक कायम की कंत्राटी. कंत्राट दर वर्षी नव्याने होणार असेल, तर सहा महिन्यांची तालीम पुरायची नाही. मग घराचा वर्षभराचा खर्च खात्यात जमल्याशिवाय राजीनामा देऊ नका.